सांगली-साताऱ्यातून स्वतंत्र सिनेमा: दिग्दर्शक-निर्मात्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, विटा, कराड, वाई, फलटण या पट्ट्यातून ज्यांना स्वतःचा सिनेमा स्वतःच उभा करायचा आहे, त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. कायद्याचं जे लिहिलंय ते वकिलाकडे आणि सीएकडे जाताना काय विचारायचं ते कळावं म्हणून. सही करण्याआधी त्यांना गाठाच.

१. 'स्वतंत्र' दिग्दर्शक-निर्माता म्हणजे कोण? कमी पैशांत सिनेमा करणारा?

बजेटशी त्याचा फारसा संबंध नाही. गोष्ट कोणती, नट कोण, शेवट काय आणि विकायचा कुणाला, हे ज्याचं तो ठरवतो तो स्वतंत्र. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) सिनेमाचा कर्ता निर्माता धरला आहे, दिग्दर्शक नव्हे. इतके दिग्दर्शक निर्मितीत उतरतात त्याचं मोठं कारण हेच: सिनेमा आपल्या हातात राहावा.

मात्र दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा आहे. दिग्दर्शक आणखी एक टेक मागतो, निर्माता घड्याळाकडे बघतो. एकाच माणसाने दोन्ही करायचं ठरवलं, तर सेटवर 'आता बास' म्हणणारा दुसरा कुणीतरी हवा, आणि त्याचं ऐकायचं हे शूटच्या आधीच ठरलेलं हवं.

२. फिल्म इन्स्टिट्यूटला गेलो नाही. चालेल का?

चालतं. पुण्याचं एफटीआयआय (१९६०, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत) मिळालं तर सोडू नका. तिथली लायब्ररी, तिथे बघितलेले सिनेमे आणि सोबतची माणसं पुढे जन्मभर उपयोगी पडतात. नाही मिळालं तर आपल्याकडे नाटक आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगवलं तेव्हापासून हे गाव नाटकाचं आहे. राज्य नाट्य स्पर्धेत नाहीतर महाविद्यालयीन एकांकिकेत दोन-तीन वर्षं बॅकस्टेज केलेल्या पोराला तालीम कशी घ्यायची आणि नटाशी कसं बोलायचं ते आधीच कळलेलं असतं. कॅमेरा त्यानंतर शिकता येतो. नटाशी बोलणं उशिरा शिकलेल्यांचे सिनेमे मला पडद्यावर लगेच ओळखू येतात.

नंतर किमान दोन सिनेमांवर सहाय्यक म्हणून राबा. वाई-सातारा भागात मालिका आणि सिनेमांची युनिटं येत असतात, सुरुवात तिथूनही होते.

३. मुंबई-पुण्याला राहायला जावंच लागेल का?

लिहायला, निर्मितीपूर्व कामाला आणि शूटला नाही. साउंड मिक्स, कलर आणि विक्रीच्या बैठकांसाठी मुंबई-पुण्याच्या फेऱ्या कराव्याच लागतील, तो खर्च बजेटमध्ये वेगळा धरा. इथे राहण्याचा खरा फायदा माणसांचा आहे. कुणाचा वाडा रिकामा आहे, कुठल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं, कुठल्या गावात दोन गट आहेत आणि आधी कुणाकडे जायचं, हे बाहेरच्या युनिटला कळायला आठवडे लागतात.

४. दोन सिनेमांच्या मधे घर कसं चालवायचं?

हा प्रश्न बहुतेकजण शेवटी, आवाज खाली आणून विचारतात. पहिला विचारायला हवा. पहिला सिनेमा ते दुसरा सिनेमा यात तीन-चार वर्षं सहज जातात. या काळात साखर कारखाने, दूध संघ, मिरजेची हॉस्पिटलं आणि शिक्षणसंस्था यांच्या माहितीपटांवर, लग्नाच्या फिल्म्सवर, शिकवण्यावर आणि दुसऱ्यांच्या सिनेमाचं एडिटिंग करण्यावर घर चालतं. त्यात कमीपणा काही नाही. कारखान्याच्या गळीत हंगामावर वीस मिनिटांची फिल्म करताना गर्दी, धूर आणि रात्रीचा उजेड कसा टिपायचा ते कुणाच्या तरी पैशांनी शिकायला मिळतं.

एक पथ्य मात्र पाळा. घराचं, धंद्याचं आणि सिनेमाचं खातं वेगवेगळं ठेवा. ही तीन खाती एकत्र झाली की सिनेमाचा खरा खर्च किती झाला ते स्वतः निर्मात्यालाही सांगता येत नाही, मग गुंतवणूकदाराला काय सांगणार?

५. आधी शॉर्ट फिल्म करू की थेट मोठा सिनेमा?

शॉर्ट फिल्म, पण हेतू ठरवून. दादासाहेब फाळक्यांनी पैसेवाल्यांची खात्री पटावी म्हणून आधी रोपट्याच्या वाढीची एक छोटी फिल्म करून दाखवली आणि मग १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. शंभर वर्षं उलटली तरी पैसे देणारा माणूस तसाच आहे: त्याला कागद दाखवला तर मान डोलावतो, पडदा दाखवला तर प्रश्न विचारतो. मोठ्या सिनेमातलाच एखादा प्रसंग, त्याच नटांसह, सात-आठ मिनिटांत नीट करा.

६. पैसे उभे करायचे कसे? गावातल्या लोकांकडून वर्गणीसारखे गोळा केले तर?

दहा-पंधरा ओळखीचे लोक, प्रत्येकाचा वाटा लिहिलेला, आणि त्यांच्यासाठी एक एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, ही रचना आपल्या भागात सगळ्यांत जास्त टिकते. करारात तीन गोष्टी हव्यातच: पैसे परत येताना आधी कुणाचे येणार, नफा कशाला म्हणायचं, आणि बजेट वाढलं तर जादा पैसा कोण घालणार.

लोकवर्गणीचं म्हणाल तर १९७६ चा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. सहकाराच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे ऐकून हुरूप येणारच. पण त्यामागे राज्यभर पसरलेला सहकारी संघ होता. तुम्ही व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड फिरवून 'पाच हजार द्या, नफ्यात वाटा घ्या' म्हणालात तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल. खाजगी कंपनीला एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना शेअर देऊ करता येत नाहीत, आणि परताव्याचं आश्वासन देऊन लोकांकडून ठेवी घेण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. परतावा न मागता दिलेली मदत, त्याबदल्यात श्रेयनामावलीत नाव किंवा पहिल्या खेळाचं तिकीट, हे वेगळं. ते चालतं, पण हिशेब त्याचाही लागतो.

७. वडिलांच्या नावावर दोन एकर बागायत आहे. गहाण टाकून सिनेमा करू का?

नको. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि पुढेही सांगत राहीन. सिनेमा वेळेवर पैसे परत करत नाही. चांगला झाला तरी नाही. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, सिनेमाचा पैसा आला तर दोन वर्षांनी येतो. गमावला तरी घराची चूल पेटती राहील, एवढीच स्वतःची रक्कम घाला. बाकीची मिळत नसेल तर सिनेमा लहान करा.

आणि जे जमेल त्यातला किमान एक तृतीयांश पैसा शूट संपल्यानंतरच्या कामासाठी आधीच बाजूला काढा. साउंड, कलर, सेन्सॉर, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत), पोस्टर आणि प्रवास हे सगळं तेव्हाच येतं. आपल्या भागात अडकून पडलेले सिनेमे शूटिंगमध्ये क्वचित अडकले आहेत. ते हार्ड डिस्कमध्ये अडकले आहेत.

८. सरकारी अनुदान मिळतं म्हणे. त्यावर सिनेमा सुरू करता येईल?

नाही. राज्य सरकार दर्जेदार मराठी सिनेमाला परीक्षण करून, श्रेणी देऊन अनुदान देतं. ते पूर्ण झालेल्या आणि प्रमाणपत्र मिळालेल्या सिनेमाला मिळतं. रक्कम, अटी आणि मुदत वेळोवेळी बदलतात. गोरेगावच्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडून ताज्या अटी घ्या आणि पहिल्या दिवसापासूनची बिलं जपा. बजेटच्या तक्त्यात अनुदान जमेच्या बाजूला धरू नका. आलं तर पुढच्या सिनेमाची सुरुवात झाली असं समजा.

९. अण्णा भाऊ साठ्यांची एक कथा करायची आहे. ते आपल्याच वाटेगावचे. परवानगी लागते का?

लागते. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालू राहतात. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, म्हणजे त्यांचं साहित्य २०२९ संपेपर्यंत संरक्षित आहे. त्याच हिशेबाने, १९७६ साली गेलेल्या वि. स. खांडेकरांचं २०३६ अखेर आणि १९७७ साली गेलेल्या गदिमांचं २०३७ अखेर. लेखक आपल्या जिल्ह्याचा, आपल्या समाजाचा किंवा आजोबांच्या ओळखीचा असला तरी यात फरक पडत नाही.

परवानगी प्रकाशकाकडून घ्यायची की वारसांकडून, इथे गफलत होते. पुस्तक छापण्याचा हक्क प्रकाशकाकडे असला तरी चित्रपटाचा हक्क बहुधा लेखकाकडे, नंतर वारसांकडे राहिलेला असतो. मूळ करार पाहायला मागा. वारस अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एका मुलाने 'होय' म्हटलं आणि पुण्यातल्या बहिणीला पोस्टर लागल्यावर कळलं, तर न्यायालयाची स्थगिती रिलीजच्या आठवड्यातच येते.

गोष्टीची 'कल्पना' घेऊन वेगळी पटकथा केली तर? कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे खरं. पण पात्रं, प्रसंगांचा क्रम आणि संवाद उचलले असतील तर नाव बदलून काही होत नाही.

१०. धनगरी ओव्या आणि गोंधळाची गाणी तर लोकांची आहेत. ती वापरायला कुणाला विचारायचं?

परंपरेने चालत आलेल्या शब्दांना आणि चालीला मालक नाही. पण जतच्या किंवा माणच्या एखाद्या गजी (धनगरी नाच) मंडळाने गायलेलं तुम्ही ध्वनिमुद्रित केलंत, तर गाणाऱ्यांचा कलाकार म्हणून हक्क आहे. त्यांची लेखी संमती आणि मानधन, दोन्ही हवं. शाहिराने चार कडवी स्वतः जोडली असतील तर तो गीतकार झाला. आणि कॅसेट कंपनीची जुनी रेकॉर्ड उचलायची असेल तर ते ध्वनिमुद्रण कंपनीचं आहे, गाणं कितीही जुनं असो.

नावं श्रेयनामावलीत नीट घाला. 'स्थानिक कलाकार' एवढ्यावर वीस माणसांची बोळवण होते, ते मला फार खुपतं.

११. युनिटमध्ये सगळे मित्रच आहेत. करार कशाला?

मैत्री टिकावी म्हणूनच. सिनेमा विकायला गेलात की ओटीटी असो वा चॅनेल, पहिला प्रश्न कागदांचा असतो. कथा, पटकथा, संवाद, संगीत, गीत, नट, छायाचित्रण, संकलन: प्रत्येकाचा सही केलेला करार मागतात. एक कागद नसला तरी सौदा थांबतो, आणि तो मित्र तोवर दुबईला गेलेला असतो.

करारात मुदत आणि प्रदेश लिहा. कायदा असा आहे की हक्क दिल्याची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पाच वर्षांनी परदेशातल्या एखाद्या वाहिनीने विचारलं, तर तुमच्याकडे विकायला हक्कच नसेल. गीतकार आणि संगीतकाराची रॉयल्टी मात्र करार करूनही काढून घेता येत नाही. थिएटरबाहेरच्या वापराची ही रॉयल्टी २०१२ च्या दुरुस्तीने पक्की झाली आहे. 'सर्व हक्क कायमचे दिले' असं छापून आणलेल्या नमुन्यांवर विसंबू नका.

१२. सिनेमाच्या नावाची नोंदणी केली की नाव आपलं झालं ना?

अर्धवट. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ (मुख्यालय कोल्हापूर) किंवा मुंबईतल्या निर्मात्यांच्या संघटना नाव नोंदवून घेतात, ते आपापल्या सभासदांत भांडण होऊ नये म्हणून. कॉपीराइट त्यातून मिळत नाही. नाव लवकर नोंदवा, आणि पटकथा स्वतंत्रपणे मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१३. मेणवलीचा घाट, कास, अजिंक्यतारा, कोयना: शूटिंगची परवानगी कोण देतं?

जागा कुणाची, ते आधी शोधा. सरकारी जागांसाठी प्रश्न ८ मधल्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, सुरुवात तिथून करा. तरीही खाली माणसं भेटावीच लागतात. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे वन विभागाचा शब्द चालतो. फुलांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, युनिट घेऊन जायचा विचारच करू नका. कोयना अभयारण्य आणि चांदोली उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे, तिथलंही तेच. धरणाची भिंत आणि परिसर सुरक्षेखाली येतो. किल्ला असेल तर तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे की राज्याच्या, ते तपासा. अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला की महिना जातो. वाईचे घाट सरकारी दिसले तरी शेजारची देवळं ट्रस्टची असतात आणि वाडे खाजगी. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडाही खाजगी आहे.

पोलीस ठाण्याला लेखी कळवा. एसटी स्टँडवर शूट असेल तर आगारप्रमुख नाही, विभागीय कार्यालय.

बावधनचं बगाड किंवा पुसेगावची यात्रा खरीखुरी टिपायची असेल तर यात्रा समितीशी महिनाभर आधी बसा. रंगपंचमीला बगाड एकदाच निघतं, त्याला रिटेक नाही. आणि भाविकांना 'जरा थांबा, शॉट चालू आहे' म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

१४. शूट कुठल्या महिन्यात लावायचं? उसाच्या शेतात बरेच सीन आहेत.

या एका गोष्टीवर आपल्याकडचे सिनेमे जितके घसरलेत तितके कशावरही नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

ऊस उभा दिसतो, पण तो रोज बदलतो. साधारण नोव्हेंबरच्या आसपास बऱ्याच जातींना तुरा येतो. नायिका बिनतुऱ्याच्या उसात शिरली आणि पुढच्या शॉटला मागे पांढरे तुरे हलताना दिसले, तर शहरातल्या प्रेक्षकाला कळणार नाही, पण वाळव्याचा माणूस खुर्चीतून हलेल. दुसरं, कारखाने सुरू झाले की तो फड कधी तुटेल ते मालकाच्या हातात नसतं. लागणीच्या नोंदीप्रमाणे तोड येते. टोळी दारात आली की 'पुढच्या सोमवारपर्यंत थांबा' म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण नंबर गेला तर वजन घटतं. म्हणून शेतकऱ्याशी बोलतानाच लागणीची तारीख विचारा, कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन तोडीचा अंदाज घ्या आणि शक्यतो आडसालीचा लहान ऊस निवडा. तो त्या हंगामात तुटत नाही. नुकसानभरपाई लिहून ठरवा.

तासगावच्या द्राक्षबागेचंही असंच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर बाग उघडी-बोडकी दिसते, महिनाभरात हिरवी होते. एप्रिलच्या खरडछाटणीला पुन्हा तेच.

लाइव्ह साउंड करणार असाल तर शेतीपंपाच्या थ्री फेज लाइटची पाळी त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, हे साउंड रेकॉर्डिस्टला आधी सांगा. लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. पाटणच्या पठारावर आणि ढालगाव भागात पवनचक्क्यांचा आवाज असतो, पात्यांची घरघर माइकमध्ये येतेच. हंगामात ट्रॅक्टरवर स्पीकर लावलेल्या जोडट्रॉल्या रात्रभर जातात. आणि पावसाळ्यात कृष्णेकाठी सामान ठेवणार असाल तर ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. गोडाऊन नदीपासून लांब घ्या.

सातारा जिल्ह्याची एक देणगीही आहे. महाबळेश्वरचा धो-धो पाऊस आणि माणचा कोरडा माळ एकाच जिल्ह्यात मिळतो. गोष्टीत दोन्ही असेल तर मुक्काम मधे कुठेतरी ठेवा.

१५. गोष्टीत दहा वर्षांचा मुलगा मुख्य भूमिकेत आहे. आईवडील तयार आहेत. आणखी काय लागतं?

जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. शूट ज्या जिल्ह्यात, तिथल्या. बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त दिवस नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायचा, तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. शाळा बुडता कामा नये. मुलाची स्वतःची इच्छा हवी, आईवडिलांची हौस पुरत नाही.

म्हणजे मूल मुख्य भूमिकेत असेल तर तुमचा शूटिंगचा दिवसच पाच तासांचा झाला. शेड्यूल तसं आखा, नाहीतर गोष्ट बदला.

१६. एका शॉटला फक्त बैलजोडी रस्त्याने जाते. त्यालाही परवानगी?

हो. जनावराचा वापर असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी घ्यावी लागते, पशुवैद्यकाच्या दाखल्यासह. कोंबडी, शेळी, कुत्रं, सगळं त्यात आलं. सेन्सॉरच्या वेळी मंडळाचं ना-हरकत पत्र मागतात. शूट झाल्यावर धावपळ करणाऱ्यांना शेवटी शॉटच काढावा लागतो. गावाकडच्या गोष्टीत जनावर येतंच, त्यामुळे पटकथेवरूनच यादी काढा.

१७. ड्रोन उडवायला?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नोंदणी हवी, आणि व्यावसायिक कामाला प्रमाणित पायलट. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर झोन बघा. कराडच्या विमानतळाजवळ आणि धरणांवर विशेष काळजी घ्या.

१८. गावातल्याच माणसांना नट म्हणून घेतलं तर पैसे द्यावे लागतात का? ते तर हौसेने येतात.

द्या. मजूर एक दिवस रानात गेला असता तर हजेरी मिळाली असती, त्याहून कमी तर देऊच नका. ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याचं संमतीपत्र मराठीत घ्या, वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा. आणि सिनेमा पूर्ण झाल्यावर पहिला त्यांना दाखवा. कसा दाखवायचा ते पुढच्या उत्तरात आहे.

१९. सेन्सॉर प्रमाणपत्र नेमकं कधी लागतं? यूट्यूबला लागतं का? गावच्या जत्रेत पडदा लावून दाखवलं तर?

यूट्यूब आणि ओटीटीला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही, तिथे वेगळे नियम आहेत. थिएटर, टीव्ही आणि कुठलंही सार्वजनिक प्रदर्शन यांना लागतं. जत्रेतला पडदा सार्वजनिकच झाला, तिकीट नसलं तरी. जागेचा परवाना वेगळा. गावकऱ्यांना दाखवायचं तर प्रमाणपत्र हातात आल्यावर दाखवा, तेव्हा दाखवण्यात जास्त मानही आहे.

अर्ज ऑनलाइन होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन टप्पे झाले, आणि प्रमाणपत्र आता कायमचं असतं.

आपल्या गोष्टींत हमखास राहून जाणारी बाब म्हणजे तंबाखू. आजोबा तळहातावर मळताना किंवा आजी मिश्री लावताना दिसली की सिगारेटचेच नियम लागतात: सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्य फीत, २० सेकंदांचा दृक्‌श्राव्य इशारा, आणि त्या दृश्यात पडद्यावर सूचना. ही सूचना कलरच्या वेळी बसवायचं ठरवा.

२०. सेन्सॉरने असा कट सुचवला की सिनेमाच मोडतो. काय करायचं?

आधी लेखी कारण मागा आणि तुमचं म्हणणं लेखी मांडा. पटलं नाही तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. पूर्वी त्यानंतर दिल्लीत अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ साली बंद झालं. आता पुढची पायरी थेट उच्च न्यायालय. तो वेळ आणि खर्च छोट्या निर्मात्याला जड जातो, म्हणून रिलीजची तारीख प्रमाणपत्राआधी जाहीर करू नका. तारीख जाहीर झाली की मग नको तो कटही मान्य करावा लागतो.

२१. थिएटर मिळेल का? आणि तिकिटातले किती पैसे माझ्यापर्यंत येतात?

मिळेल. खेळ कुठल्या वेळेचा मिळतो यावर सगळं ठरतं. दुपारी बाराचा एक खेळ मिळाला तर नोकरदार आणि शेतकरी दोघंही येऊ शकत नाहीत.

हिशेब असा करा. तिकीट १७७ रुपये समजा. १०० रुपयांच्या वरच्या तिकिटाला जीएसटी १८ टक्के, म्हणजे २७ गेले, उरले १५०. थिएटरने निम्मा वाटा घेतला तर ७५. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर हातात ६३ रुपये ७५ पैसे. त्यातून डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क, पोस्टर आणि जाहिरात. आता तुमच्या बजेटला ६० ने भागा आणि तितकी माणसं कुठून येणार त्याची गावागावांनी यादी करा. हा आकडा बघून खूप जण गप्प होतात. गोष्ट लिहितानाच तो बघितलेला बरा.

तीनशे पडद्यांवर एका शुक्रवारी लागून सोमवारी उतरण्यापेक्षा सांगली, कराड, सातारा, कोल्हापूर अशा थोड्या ठिकाणी चांगल्या वेळेचे खेळ घ्या आणि प्रत्येक गावात स्वतः उभे राहा, असं मी सांगेन. आधी महाविद्यालयं, बचत गट, शिक्षकांच्या सोसायट्या यांचे खेळ ठरवून घ्या.

२२. ओटीटीवाले विकत घेतील या भरवशावर सिनेमा करू का?

नको. मराठी स्वतंत्र सिनेमा आधी विकत घेणारे फार थोडे आहेत. पैसे दिवसाला किती लोकांनी किती मिनिटं पाहिलं यावर देणारे जास्त. सगळे हक्क एकरकमी देण्याआधी विचार करा. सॅटेलाइट, ओटीटी, रिमेक, विमानातले खेळ, शैक्षणिक वापर हे सगळे वेगळे विकता येतात. चॅनेल ऐकत नसेल तर निदान मुदत कमी करून मागा. मुदत संपली की तीच वस्तू पुन्हा तुमची.

२३. महोत्सवाला आधी पाठवू की रिलीज करू?

आधी महोत्सव. अनेक महोत्सवांना जागतिक किंवा भारतातला पहिला खेळ स्वतःकडे हवा असतो, म्हणून यूट्यूबवर टाकलेला किंवा दुसरीकडे दाखवलेला सिनेमा बाद होतो. जानेवारीतला पुण्याचा पिफ आणि नोव्हेंबरमधला गोव्याचा इफ्फी दोन्ही आपल्याला जवळ आहेत. इफ्फीबरोबर भरणाऱ्या एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) फिल्म बाजारात अर्धवट सिनेमाही दाखवता येतो. तिथे एकदा प्रेक्षक म्हणून तरी जाऊन या. महोत्सवातल्या खेळाला सेन्सॉरमधून सूट आयोजक मिळवतात. इंग्रजी सबटायटल्स चांगल्या माणसाकडून करून घ्या. माणदेशी संवाद यंत्राने इंग्रजीत केले की विनोद मरतो.

२४. मी दिग्दर्शक, निर्माता दुसरा. चार वर्षं सिनेमा पडून आहे, फोन उचलत नाहीत. यूट्यूबवर टाकू का?

टाकू नका. प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे हक्क निर्मात्याचे आहेत, तुम्हीच अडचणीत याल. आधी तुमचा करार काढा. ठराविक मुदतीत रिलीज झाला नाही तर काय, याची ओळ आहे का बघा. मानधन थकलं असेल तर वकिलाची नोटीस पाठवा. पटकथा तुमची असेल आणि ती देताना मुदत लिहिलेली नसेल, तर प्रश्न ११ मधली पाच वर्षांची तरतूद वकिलाला दाखवा. काही वेळा निर्माता वाट्याने सिनेमा तुम्हाला विकायला तयार असतो, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

पुढच्या वेळी करारातच लिहा: पूर्ण झाल्यापासून अठरा महिन्यांत प्रदर्शन झालं नाही तर महोत्सवांत दाखवण्याचा हक्क दिग्दर्शकाला.

२५. सगळं माझ्या एकट्याच्या नावावर आहे. माझ्यानंतर सिनेमाचं काय?

सिनेमाचे हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतात आणि घर-जमिनीसारखे वारसांकडे जातात. मृत्युपत्रात सिनेमाचं नाव लिहून कुणाला किती ते नोंदवा, नाहीतर प्रश्न ९ मध्ये तुम्ही ज्यांना शोधत फिरलात तसंच उद्या कुणीतरी तुमच्या मुलांना शोधत फिरेल. करारांची फाइल, सेन्सॉर प्रमाणपत्र आणि मास्टर (सिनेमाची अंतिम मूळ प्रत) कुठे आहे ते घरातल्या एकाला तरी माहीत हवं.

मास्टरच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. हार्ड डिस्क कपाटात ठेवून चालत नाही, सहा महिन्यांनी लावून सिनेमा शेवटपर्यंत चालतो का ते बघा आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हेच काम करतं आणि आता ते एनएफडीसीत आहे. छोट्या निर्मात्यानेही तिथे प्रत देण्याबद्दल पत्र लिहावं.